पुन्हा पाहिला: 'द डेव्हिल इन द डार्क', आणि वाड्यातल्या दादांनी केलेलं भाषांतर

जिरावण (इंदूर)

काल रात्री जेवणं आटोपल्यावर 'स्टार ट्रेक' या अमेरिकी अंतराळ-मालिकेच्या मूळ संचातला 'द डेव्हिल इन द डार्क' हा भाग लेकीबरोबर पाहिला. ती बारावीला आहे, अभ्यासातून पन्नास मिनिटं काढून दिली हे तिचे उपकारच. भाग संपल्यावर म्हणते, "बाबा, तुम्ही लहानपणापासून सांगत आलात ती गोष्ट ही नाहीच."

खरंच नव्हती. म्हणून हा धागा.

आधी मागचं थोडं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी स्टार ट्रेक लागायचं. आमचा वाडा जेल रोडच्या मागे. अकरा बिऱ्हाडं आणि टीव्ही एक, वरच्या मजल्यावरच्या दादांकडे. सरकत्या दारांचा लाकडी खोका, शेजारी घूं घूं करणारा स्टॅबिलायझर. रविवारी आम्ही वीसेक पोरं आपापल्या घरचे पोहे ताटलीत घेऊन त्यांच्या बैठकीत सतरंजीवर. सतरंजीवर सांडलेली शेव दादांची आई सोमवारपर्यंत वेचायची आणि आमच्या सगळ्या पिढ्यांचा उद्धार करायची.

अडचण इंग्रजीची. आमच्या शाळेत एबीसीडीच सहावीत सुरू झाली. दादा मात्र होळकर कॉलेजात बीएस्सीला, त्यामुळे भाषांतराचं खातं त्यांच्याकडे. टीव्हीच्या बाजूला खुर्ची टाकून बसायचे आणि कीर्तनकाराने पूर्वरंग लावावा तसे सुरू व्हायचे. "आता कर्क म्हणून राहिलाय की हा ग्रह आपला नाही. आता तो कानवाला म्हणून राहिलाय की असं करणं बुद्धीला पटत नाही." पोरं एकदम गप्प. मध्येच कोणी "दादा, आता काय म्हणाला?" विचारलं की "थांब, महत्त्वाचं नव्हतं" असं उत्तर यायचं. जे महत्त्वाचं नव्हतं त्यावर पडद्यावरचे लोक दोन दोन मिनिटं बोलत असत, हे तेव्हा आम्हाला खटकलं नाही.

तर दादांच्या तोंडून आम्ही ऐकलेली गोष्ट अशी. एका ग्रहाच्या खाणीत राक्षस आहे, तो माणसांना जाळून टाकतो. खाणीत पडलेले गोल गोळे हे त्याचे बॉम्ब. यानाचा कप्तान कर्क आणि तो कानवाला, स्पॉक, त्याला गाठतात, जखमी करतात, आणि तो शरण येतो. नेमकी तेव्हाच लाईट गेली. पंधरा मिनिटं वाट पाहिली, आली नाही. मग शेवट दादांनी तोंडीच सांगितला: राक्षसाने यापुढे मारणार नाही असा शब्द दिला, पण राक्षसाच्या शब्दावर काय भरवसा, म्हणून कर्कने निघता निघता त्याला उडवला. खाण मोकळी झाली. चला, उठा.

मी हीच गोष्ट चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो. लेकीला तर झोपताना सांगितली आहे.

आता खरी गोष्ट. ज्यांना भाग पाहायचा आहे त्यांनी पुढचे दोन परिच्छेद गाळा.

जेनस सहा नावाच्या ग्रहावर पर्जियम या खनिजाची खाण आहे. तीन महिन्यांत पन्नासेक माणसं मेली आहेत. मारणारा प्राणी हॉर्टा, दगडातून असा आरपार जातो जसे आपण हवेतून जातो. दिसायला म्हणाल तर तव्यावरून जमिनीवर पडलेलं मोठं थालीपीठ, कडेला झालर लावलेलं. खाणीचा व्यवस्थापक व्हॅंडरबर्ग याच्या टेबलावर एक गोळा शोभेला ठेवलेला आहे. स्पॉक तो हातात घेतो, फिरवून बघतो, विचारतो हे काय. अरे ते सिलिकॉनचे गोळे, खाली हजारोंनी पडलेत, कवडीची किंमत नाही. काल मी इथे भाग थांबवला. लेकीला म्हटलं, हाच तो बॉम्ब. ती म्हणाली, "बाबा, अंडं आहे ते." दहाव्या मिनिटाला! आणि अंडंच. खाणवाल्यांनी नवा थर फोडला तो नेमका तिच्या पिल्लांच्या खोलीत. हजारो अंडी फुटली. पन्नास हजार वर्षांतून एकदा तिची अख्खी जात मरते, एकच मागे उरते, सगळ्या अंड्यांची आई म्हणून. ती आई माणसं मारत होती.

शेवटी कर्क तिला मारत नाही. डॉक्टर मकॉय "मी डॉक्टर आहे, गवंडी नाही" असं कुरकुरत तिच्या जखमेत चक्क बांधकामाचं काँक्रीट भरतो आणि ती वाचते.

आता ज्या जागेसाठी हे सगळं लिहायला बसलो ती जागा. स्पॉक पहिल्यांदा तिच्या मनाशी जोडून घेतो तेव्हा नुसता "वेदना!" म्हणून ओरडतो. मग ती जखमी अंगाने एका खडकावर सरकते, बाजूला होते, आणि खडकावर आम्लाने कोरलेली तीन अक्षरं, म्हणजे तीन शब्द दिसतात. धूर निघतोय त्यातून. नो किल आय.

हे तीन शब्द मी तेव्हा स्वतः वाचले होते. मोठी लिपी होती, सुटी अक्षरं होती, आणि तिन्ही शब्द नुकतेच शिकलेले. अख्ख्या मालिकेत दादांच्या मदतीशिवाय मला कळलेलं हे पहिलं इंग्रजी वाक्य, आणि तेही व्याकरणात चुकलेलं. दादा म्हणाले, "म्हणतोय, मी मारणार नाही." मी म्हटलं, "नाही दादा, तो म्हणतोय मला मारू नका." सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. दादा म्हणाले, "आय म्हणजे मी. मला नव्हे. मी कर्ता आहे." मी म्हटलं, "पण त्याला लागलंय ना! ज्याला लागलं तो आधी नका मारू म्हणेल, का शपथा घेईल?" त्यावर दादांनी माझ्या ताटलीतले पोहे संपलेत याकडे लक्ष वेधलं. नंतर लाईट गेली.

काल काय झालं सांगू? ते तीन शब्द दिसल्यावर कर्क स्पॉकला हेच विचारतो, ही मला मारू नका अशी विनवणी आहे की मी मारणार नाही असं वचन? आणि स्पॉक म्हणतो, सांगता येत नाही. म्हणजे ज्याने तिच्या मनात डोकावून पाहिलं त्यालाही ठाऊक नाही! चाळीस वर्षं मी समजत होतो की दादांचं इंग्रजी कच्चं. कच्चं त्या दगडाचं होतं.

तर मंडळी, आणखी कोणी तेव्हा पाहिला होता का हा भाग? आणि दुसरं, हे तीन शब्द मराठीत कसे आणाल, दोन्ही अर्थ शाबूत ठेवून? मी रात्री दीड वाजेपर्यंत खटपट केली, जमलं नाही.

पेठेतला (पुणे)

"म्हणून राहिलाय" वाचून अंमळ हळवा झालो. दूरदर्शनवर स्टार ट्रेक बघितल्याबद्दल +१. भाषांतराचं बघतो, तोवर रुमाल टाकून ठेवतो.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

क्या बात! आमच्याकडेही एकच टीव्ही होता, पण आमचे काका भाषांतर करत नसत, "बघा आणि समजा" एवढंच म्हणायचे. त्यामुळे मला आजही स्पॉक हा कर्कचा मेहुणा वाटतो.

थोडी माहिती टाकतो. हा पहिल्या सीझनचा भाग, अमेरिकेत ९ मार्च १९६७ ला लागला. लेखक जीन कून, दिग्दर्शक जोसेफ पेव्हनी. हॉर्टाच्या आत आहे यानोस प्रोहास्का नावाचा कसरतपटू. तो असले प्राण्यांचे पोशाख स्वतःच बनवायचा. पोशाख अंगावर चढवून रांगत रांगत निर्मात्यांना दाखवायला आला आणि कूनने तो बघून ही गोष्ट लिहिली. म्हणजे आधी राक्षस आला, गोष्ट नंतर.

दुसरं, याच्या चित्रीकरणाच्या दिवसांत कर्कचं काम करणाऱ्या विल्यम शॅटनरचे वडील गेले. बातमी सेटवर आली, त्याने हातातला प्रसंग पूर्ण केला आणि मग फ्लॉरिडाला निघाला. तो नव्हता तेव्हा स्पॉक आणि हॉर्टाच्या प्रसंगात कर्कच्या जागी दुसरा माणूस पाठमोरा उभा केला. पुन्हा बघाल तेव्हा बघा, त्या प्रसंगात कर्कची पाठच जास्त दिसते. शॅटनरने पुढे हाच आपला सर्वांत आवडता भाग म्हणून सांगितला आहे.

अवांतर: तुम्ही कुठली प्रत पाहिली? २००६ पासून जी नवी केलेली प्रत फिरते आहे तिच्यात ग्रहाची चित्रं संगणकावर नव्याने केलीत. मला ती पटत नाहीत. जुनं पुठ्ठ्याचं असलं तरी आपलं होतं.

जिरावण (इंदूर)

@लष्करवाला, मेहुणा! :) प्रत नवीच असावी, ग्रह फार चकाचक होता. गुहेची जमीन मात्र नवीन प्रतीतही दिवाणखान्याच्या फरशीइतकी सपाट आहे. लाखो वर्षं दगड खात फिरणारा प्राणी, आणि कुठे खाचखळगा नाही.

प्रोहास्काचं वाचून एक आठवलं. आम्ही पुढचे कित्येक दिवस वाड्याच्या जिन्याखाली हा खेळ खेळायचो. एकाने अंगावर गोधडी घेऊन रांगायचं, बाकीच्यांनी पळायचं. राक्षस व्हायला सगळे तयार असायचे, कर्क व्हायला कोणी नाही. कर्कला काही काम नव्हतं.

ओटीवरची (इंदूर)

धागा वाचल्यावर कालच भाग पाहिला, इतकी वर्षं नुसतं नाव ऐकून होते. एक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहिते. या पूर्ण भागात एकाही बाईला एक वाक्य नाही. खाणीत सगळे पुरुष, यानावरून उतरतात ते पुरुष. गोष्ट आईची आणि आई एक दगड. तीही बोलते ती स्पॉकच्या तोंडून. स्पॉक झालेला लिओनार्ड निमॉय डोळे मिटून, दोन्ही हात तिच्या अंगावर टेकवून पोरांसाठी रडतो ते मात्र पाहण्यासारखं आहे. १९६७ मध्ये पडद्यावर एक पुरुष आई होऊन रडतोय. मला हसू येईल वाटलं होतं, आलं नाही.

त्यावरून आमच्या कॉलनीतलं सांगते. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर बांधकाम निघालं. एप्रिल महिना, गिट्टीचा डंपर रिकामा करून ठेवलेला. आणि एक टिटवी वेड्यासारखी करायला लागली. मजूर जवळ आला की डोक्यावरून झेप घ्यायची, टिटिव टिटिव करून कान किटवायची, रात्री दोनलासुद्धा. आमच्या ह्यांनी खिडकीतून चप्पल फेकून मारली. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, पागल हो गई है ये." चौथ्या दिवशी पाया खणणाऱ्यांतली एक बाई गिट्टीशेजारी फतकल मारून बसली आणि बोट दाखवलं. मला दोन मिनिटं काही दिसेचना. गिट्टीच्या रंगाची, गिट्टीवर असतात तसेच काळे ठिपके, चार अंडी. घरटं नाहीच, नुसते खडे जरा बाजूला सारलेले. आम्ही सगळे चार दिवस त्यांच्यापासून हातभर अंतरावरून ये-जा करत होतो.

त्या बाईने चारी बाजूंना विटा लावल्या, वर लाल फडकं बांधलं. ठेकेदार कुरकुरला, पण तो कोपरा त्याने सगळ्यात शेवटी खणला. टिटवी उंचावर अंडी घालते तेव्हा पाऊस चांगला, असंही ती म्हणाली. प्लॉट उंचावर होता की नाही ते पाहायला हवं होतं.

भागात व्हॅंडरबर्ग टेबलावरचा गोळा दाखवतो तेव्हा मला ठेकेदारच दिसला.

पेठेतला (पुणे)

@ओटीवरची, सुरेख लिहिलंत.

@जिरावण, तुमच्या कोड्याचा प्रयत्न. आपल्या भाषेत विभक्ती घात करते. 'मी' म्हटलं की वचन, 'मला' म्हटलं की विनवणी, मध्ये उभं राहायला जागाच नाही. 'मारणे नाही मी' म्हणून पाहिलं, पण ते तुटक मराठी न वाटता सरळ टपाल खात्याच्या तारेसारखं वाटतं. 'नाही मार मी' हे शाळेतून रडत आलेल्या पोराचं वाटतं.

मग अंघोळ करताना सुचलं. उत्तर आमच्या गावात भिंतीभिंतीवर लिहून ठेवलंय.

मारू नये.

कोणी? कोणाला? काही कळत नाही. विनंती आहे, वचन आहे, धमकीही आहे.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

हाहाहा. दुपारी १ ते ४ मारू नये.

जिरावण (इंदूर)

भिया, सलाम! पण यात 'मी' कुठे आहे? ती तर स्वतःचं नाव घालते.

पेठेतला (पुणे)

पाटी लावणारा कधी स्वतःचं नाव घालतो का? खाली 'हुकुमावरून' लिहायचं. ती काय कमी आहे, सगळ्या जातीची एकटी मालकीण.

गारगोटी (नागपूर)

दगडांचा विषय निघाल्यावर मला गप्प बसवत नाही. भूशास्त्र शिकवून निवृत्त झाले.

सिलिकॉनचा प्राणी ही कल्पना कूनने हवेतून काढलेली नाही. आवर्तसारणीत सिलिकॉन कार्बनच्या बरोबर खाली बसतो, त्यालाही चार हात, म्हणून जीवसृष्टी त्याच्यावरही उभी राहील का असा प्रश्न पडतोच. पण अडचणी मोठ्या आहेत. कार्बन ऑक्सिजनशी जुळला की कार्बन डायऑक्साइड होतो, तो वायू, आपण तो श्वासातून बाहेर टाकतो. सिलिकॉन ऑक्सिजनशी जुळला की होते सिलिका, म्हणजे वाळू, म्हणजे माझं नाव. हॉर्टाला दर उच्छ्वासाला वाळू ओकावी लागेल. शिवाय सिलिकॉनच्या अणूंच्या लांब साखळ्या कार्बनसारख्या टिकत नाहीत, पाणी लागलं की त्यांचा निकाल.

आणि ते आम्ल! सिलिका विरघळवणारं आम्ल म्हणजे हायड्रोफ्लोरिक, काचेवर नक्षी कोरायला वापरतात ते. तिच्या अंगात ते असेल तर आधी तीच विरघळायला हवी. अर्थात आपल्याही जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं आणि आतल्या बुळबुळीत अस्तरामुळे आपण वाचतो, तेव्हा तिचंही काही अस्तर असेल म्हणा. मी मार्क कापणार नाही.

काँक्रीटने जखम भरणं मात्र मला मनापासून पटलं. सिमेंटमध्ये सिलिकेटच असतात. डॉक्टरने तिला तिच्याच जातीचं औषध दिलं.

सूरसागर (वडोदरा)

अंड्यांवरून आमच्या बाजूचं. वडोद्याहून दोनेक तासांवर बालासिनोरजवळ रैयोली आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला भूवैज्ञानिक नकाशे करायला आले आणि त्यांना डायनासोरची हाडं आणि अंडी सापडली. तोवर गावात ते साधे दगड. एका घरात तर अंडं मसाला वाटायला वापरात होतं. मी म्युझियम बघायला गेलो तेव्हा अंड्याला हात लावू दिला. जड, गार, आणि वरचं कवच बोटाला नारळाच्या करवंटीसारखं खरखरीत. आईला सांगितलं तर म्हणाली, छान, आणखी एक पाटा-वरवंटा.

इथे मिळालेल्या हाडांवरूनच २००३ मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस असं नाव ठेवलं. नर्मदा तुमची नि आमची, दोघांची.

जिरावण (इंदूर)

@सूरसागर, अहो, आमच्या धार जिल्ह्याचं मी लिहिणारच होतो! बागच्या परिसरात ९२ घरटी आणि २५६ अंडी मिळाल्याचा अभ्यास जानेवारी २०२३ मध्ये छापून आला. टायटनोसॉर, लांब मानेचे, पाला खाणारे. आणि त्याच वर्षाच्या शेवटी पाडल्या गावची बातमी आली. शेतात सापडणारे गोल दगड लोक काकड भैरव म्हणून पूजत होते. काकड म्हणजे शेताची हद्द. तो देव शेताची, गुराढोरांची राखण करतो. तज्ज्ञ आले, बघितलं आणि म्हणाले, ही डायनासोरची अंडी.

व्हॅंडरबर्गने टेबलावर शोभेला ठेवली, आमच्याकडे शेंदूर लावला. राखणीचं काम त्यांच्याकडे सोपवलं हे मला फार आवडलं. शेजारून नांगर गेला असेल, पण त्यांना नारळ फोडून.

ओटीवरची (इंदूर)

त्या बागच्या अभ्यासात एक गोष्ट होती. घरटी इतकी जवळजवळ की एवढ्या धिप्पाड आयांना मधून फिरायला जागाच नाही, म्हणून अंडी घालून त्या निघून जात असणार, पिल्लं आपापली जगली असणार असं म्हटलंय. म्हणजे आपल्या नर्मदेकाठच्या आया हॉर्टासारख्या नव्हत्या. वाचून उगाच वाईट वाटलं.

भोंगा (इंदूर)

इतका वेळ वाचत होतो. एक वेगळं बोलतो, रागावू नका.

सगळे खाणवाल्यांना दुष्ट ठरवून मोकळे झालेत. माझे वडील मिलमध्ये होते, पाळीचा भोंगा वाजला की घर हलायचं. मी त्या भागात लाठ्या घेऊन धावणारे खाणकामगार बघितले तेव्हा मला तेच दिसले. रोज एक सोबती जळून मरतोय आणि वरून पर्जियम पाठवा म्हणून तगादा. डझनभर ग्रहांच्या वसाहतींच्या भट्ट्या यांच्या पर्जियमवर. खाण बंद ठेवा असं एकदाही कोणी म्हणत नाही. व्हॅंडरबर्ग मालक नाही, तोही नोकरच. मालक पूर्ण भागात दिसत नाही. मिलमध्येही दिसायचा नाही.

आणि शेवट बघा. हॉर्टाची पोरं अंड्यातून निघाली, बोगदे खणायला लागली, पर्जियम, सोनं, प्लॅटिनम धडाधड निघतंय, व्हॅंडरबर्ग खुशीत. सगळ्यांनी मिळून नांदायचं. पोरांना काय मिळालं? जन्मल्या दिवसापासून बिनपगारी खणकाम.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

भोंगासाहेब, मुद्दा वजनदार आहे, पण मला तो करार आवडतो. नुसती दया दाखवली असती तर सहा महिन्यांनी कोणीतरी पुन्हा अंडी फोडली असती. आता अंडं फुटलं तर कंपनीचं नुकसान. कून व्यवहारी माणूस दिसतो. दयेला फायद्याची जोड दिली की ती टिकते.

ओटीवरची (इंदूर)

ती दगड खाते, पोरं दगड खातात. खाता खाता बोगदा पडतो. मागे राहिलेलं सोनं तिच्या दृष्टीने ताटातली सालं. पोरं वाचली, एवढंच तिला हवं होतं. करारात काय लिहिलंय ते तिने वाचलंही नसेल.

भोंगा (इंदूर)

तेच म्हणतोय ताई. न वाचता केलेली सही. आमच्या घरात अशा दोन आहेत.

पेठेतला (पुणे)

भोंगा यांच्या प्रतिसादाला +१. आता मला तो शेवटचा विनोद वेगळा ऐकू येतोय. माणसं दिसायला भयंकर आहेत पण सवय होईल, असं हॉर्टा म्हणाली म्हणून स्पॉक सांगतो. नोकरीच्या पहिल्या दिवशी मीही घरी येऊन हेच म्हणालो होतो.

गारगोटी (नागपूर)

माझं लक्ष दुसऱ्याच अदलाबदलीकडे गेलं. सुरुवातीला स्पॉक म्हणतो, ही शेवटची असेल तर मारणं हा विज्ञानाचा गुन्हा, आणि कर्क म्हणतो, मारा. मग छत कोसळतं, कर्क एकटा तिच्यासमोर सापडतो, आणि संपर्कयंत्रावरून स्पॉक काकुळतीला येऊन सांगतो, मारा तिला, कॅप्टन, लगेच. कर्क मारत नाही, समोर बसून राहतो. मित्राच्या जिवावर आल्यावर तर्कशास्त्री तर्क सोडतो आणि बंदूकवाला बंदूक खाली करतो. कोणी कोणाला काही समजावत नाही. हे लिहिणं अवघड आहे हो. आजच्या मालिकेत याला तीन भाग आणि पार्श्वसंगीत लागलं असतं.

जिरावण (इंदूर)

सगळ्यांचे आभार. आज दुपारी दादांना फोन केला, म्हणून पुन्हा लिहितो.

दादा आता सुदामा नगरला असतात, कानाला यंत्र आहे. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, दादा, तो दगडाचा राक्षस आठवतो? नो किल आय? माझ्याशी भांडला होतात.

दादा म्हणाले, "नाही रे. कुठला?"

मी पूर्ण गोष्ट सांगितली. अंडी, आई, काँक्रीट. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "अंडी होती का ती! मला तेव्हापासून प्रश्न पडलाय की त्यातला एकही बॉम्ब फुटला कसा नाही."

म्हणजे आठवत होता.

मग म्हणाले, "एक सांगतो, आता काय लपवायचं. मला त्यांचं बोलणं चाराणेसुद्धा कळायचं नाही. कॉलेजात पुस्तकातलं इंग्रजी, हे लोक तोंडात गरम बटाटा ठेवल्यासारखं बोलायचे. मी चेहरे बघून सांगायचो. कपाळाला आठी पडली की धोका आहे म्हणायचं, भुवई उडाली की बुद्धीला पटत नाही म्हणायचं."

मी विचारलं, मग कळत नाही म्हणून सांगायचं ना. तर म्हणाले, "वीस पोरं पोहे घेऊन समोर बसलीत, तू सांगितलं असतंस?"

शेवटचा प्रश्न राहिला होता. शेवटी राक्षसाला मारला कशाला? तुम्हाला तर शेवट ठाऊकच नव्हता, लाईट गेली होती. जिवंत ठेवायचा.

दादा हसायला लागले. "अरे, लाईट येईना, पोरं उठेनात. आईला खोली झाडायची होती, ती दारात उभी. राक्षस जिवंत असला की पुढे काय, पुढे काय विचारत पोरं बसून राहतात. मेला की उठतात."

येत्या रविवारी सकाळी घरी येतायत. उपशीर्षकं बारीक दिसतात म्हणाले, तेव्हा लेक शेजारी बसून मोठ्याने सांगणार आहे. तिला आत्ताच बजावून ठेवलंय की "महत्त्वाचं नव्हतं" असं म्हणायचं नाही. पोहे माझ्याकडे.

लष्करवाला (ग्वाल्हेर)

वृत्तान्त टाका. आणि दादांना विचारा, स्पॉक कर्कचा कोण लागतो.

पेठेतला (पुणे)

दुपारी १ च्या आत उरका.